अभिजात नाटक : नेपथ्य स्वस्त, नट महाग

अभिजात नाटकांविषयी मराठी समाजात आदर पुष्कळ आहे. प्रयोग मात्र थोडे आहेत. ‘शाकुंतल’ आणि ‘मृच्छकटिक’ ही नावे शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. महाविद्यालयात त्यांतील अंक नेमले जातात, त्यांवर टिपा लिहिल्या जातात आणि गुणही मिळतात. परंतु ही नाटके रंगमंचावर उभी राहिलेली ज्याने पाहिली आहेत, असा पदवीधर शोधू गेल्यास विरळाच सापडेल. याचे कारण विचारले तर बहुधा दोन उत्तरे येतात. प्रेक्षकांना आता ही नाटके नकोत, हे पहिले. आणि ती करणे परवडत नाही, हे दुसरे. राजवाडे, रथ, तपोवने, भरजरी वस्त्रे हा सारा पसारा कोणी आणि कोणाच्या पैशाने मांडायचा? यांपैकी पहिले उत्तर खरे की खोटे, हे प्रयोग केल्यावाचून ठरत नाही. दुसरे उत्तर मात्र हिशेबाचे आहे आणि हिशेब तपासता येतो. तो तपासू लागले म्हणजे असे दिसते की, खर्च आहे हे खरे, पण तो भलत्याच रकान्यात मांडला गेला आहे.

आठ चौकांचा वाडा

‘मृच्छकटिका’चा चौथा अंक घ्यावा. चारुदत्ताच्या घरी ठेव म्हणून ठेवलेले वसंतसेनेचे दागिने चोरीस गेले आहेत. त्यांच्या बदल्यात चारुदत्ताच्या पत्नीने दिलेला रत्नहार घेऊन मैत्रेय वसंतसेनेकडे येतो. तिच्या वाड्याला एकामागून एक आठ चौक आहेत. एका चौकात बैल, घोडे आणि हत्ती, दुसऱ्यात जुगाराचे पट, तिसऱ्यात मृदंग आणि वीणा; पुढे स्वयंपाकघर, जवाहिऱ्यांची कामे, पक्ष्यांचे पिंजरे असे एकेक दालन ओलांडत मैत्रेय आत जातो. हे दृश्य रंगमंचावर उभे करायचे म्हटले तर कोणताही नेपथ्यकार हात टेकील. शूद्रकाने मात्र त्यासाठी एक नट आणि त्याला वाट दाखवणारी एक दासी, एवढीच माणसे मागितली आहेत. नट चालतो, थबकतो, पाहतो आणि बोलतो. वाडा प्रेक्षकाच्या मनात बांधला जातो.

ही केवळ काटकसर नव्हे. मैत्रेय गरिबाघरचा सोबती आहे. चारुदत्ताचे दिवस बरे असताना गोडधोड खाऊन तृप्त असणारा हा ब्राह्मण आता दारोदार पोट भरतो. स्वयंपाकघराच्या चौकात त्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि आपल्याला कोणी जेवायला बसवील काय, असा विचार त्याच्या मनात येतो. श्रीमंतीचे हे सारे वर्णन एका उपाशी माणसाच्या डोळ्यांतून आलेले आहे, म्हणूनच ते हसवते आणि बोचतेही. वाडा लाकडाकापडाचा उभा केला तर प्रेक्षकाला वाडा दिसेल, पण मैत्रेयाची भूक दिसणार नाही. नेपथ्यावर पैसा खर्च करून नाटकातील मुख्य गोष्टच झाकली जाईल.

संस्कृत नाटकाची सारी रचनाच या तत्त्वावर उभी आहे. ‘नाट्यशास्त्रा’त रंगपीठाचे निरनिराळे भाग निरनिराळी स्थळे म्हणून मानण्याचा कक्ष्याविभाग सांगितला आहे. पात्राने रंगमंचावर एक फेरी घातली की स्थळ बदलले, हा नट आणि प्रेक्षक यांच्यातील करार. नाटकांच्या संहितांतून जागोजाग येणारी ‘परिक्रम्य’ ही सूचना त्या कराराची आठवण देते. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ हरणामागे धावतो, शकुंतला आणि तिच्या सख्या झाडांना पाणी घालतात, रथ, हरीण किंवा झाड यांपैकी एकही वस्तू मंचावर असण्याची गरज नाही. या सर्व गोष्टी अभिनयाने दाखवायच्या, हे नाटककाराने स्वतःच सूचित केलेले असते. ज्याला शास्त्रकार नाट्यधर्मी म्हणतात ती ही पद्धत होय.

प्रेक्षागृहाच्या मापातही हाच विचार आहे. मध्यम आकाराचे प्रेक्षागृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावे व त्यातील अर्धा भाग प्रेक्षकांसाठी राखावा, असे ‘नाट्यशास्त्र’ सांगते. याहून मोठे बांधल्यास नटाचा आवाज विरून जाईल आणि मुखावरील भाव दिसणार नाहीत, असे त्याचे कारणही दिले आहे. शास्त्रकाराला दृश्याच्या भव्यतेपेक्षा नटाच्या भुवईची काळजी अधिक होती, हे यावरून स्पष्ट होते.

पडद्यांचा वारसा

मग ही नाटके खर्चिक असतात, ही समजूत आली कोठून? तिचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. परशुरामपंत तात्या गोडबोले यांच्यासारख्या विद्वानांनी १८५० नंतरच्या काळात संस्कृत नाटके मराठीत आणली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीला एक नवे युग लाभले. गोविंद बल्लाळ देवलांनी पुढे ‘मृच्छकटिक’ही संगीतात आणले. या कर्तबगारीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कालिदास आणि शूद्रक पंडितांच्या ओसरीवरून कारकुनांच्या आणि विद्यार्थ्यांच्या ओठांवर आले ते या मंडळींमुळेच.

परंतु त्याच काळात रंगमंचाची चौकट बदलली होती. पारशी नाटक मंडळ्यांनी रूढ केलेले रंगवलेले पडदे, पाखे आणि दर्शनी कमान ही नव्या रंगभूमीची लक्षणे ठरली होती. फेरी घालून स्थळ बदलणारे नाटक या चौकटीत बसवताना प्रत्येक स्थळासाठी पडदा आला. पडद्याच्या पाठोपाठ गालिचे, शालू आणि अत्तरे आली. गंधर्व नाटक मंडळीच्या काळात हे वैभव शिगेला पोचले आणि मंडळीवरील कर्जाच्या कथाही तितक्याच गाजल्या. त्या वैभवाने दोन पिढ्यांना निखळ सुख दिले. पण त्याबरोबर अभिजात नाटक म्हणजे थाटमाट, ही समजूतही मागे राहिली. आज रंगवलेल्या पडद्याची जागा प्रकाशाच्या झगमगत्या भिंतींनी घेतली असली तरी समजूत तीच आहे.

मोकळ्या मंचाकडे

स्वातंत्र्योत्तर काळात ज्या दिग्दर्शकांनी ही समजूत झुगारली, त्यांच्या हाती या नाटकांना नवा जीव मिळाला. १९५८ मध्ये हबीब तन्वीर यांनी दिल्लीत हिंदुस्तानी थिएटरसाठी ‘मिट्टी की गाडी’ बसवले. युरोपात नाट्यशिक्षण घेऊन आणि बर्लिनमध्ये ब्रेख्तची नाटके पाहून ते नुकतेच परतले होते. छत्तीसगडच्या नाचा परंपरेतील सहा कलावंतांना त्यांनी या नाटकात उतरवले. नाचाचा नट मोकळ्या जागेत उभा राहतो, प्रेक्षकांशी थेट बोलतो, एका फेरीत गाव ओलांडतो. शूद्रकाला जे हवे होते ते पोथी न वाचलेल्या या कलावंतांना अंगवळणी पडलेले होते. संस्कृत अभिजाततेशी लोकनाट्याचा काय संबंध, असे म्हणून तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पुढे तन्वीरांच्या छत्तीसगडी नटांनी हेच नाटक आपल्या बोलीत केले आणि त्या आक्षेपाला उत्तर मिळाले.

केरळात कावालम नारायण पणिक्कर यांनी तिरुवनंतपुरमच्या सोपानम् या आपल्या संस्थेतर्फे भासाची ‘मध्यमव्यायोग’, ‘कर्णभार’, ‘ऊरुभंग’ ही नाटके मूळ संस्कृतात केली. तेथील युद्धकला, ताल आणि गायन यांच्या आधाराने नटाच्या शरीराला त्यांनी बोलके केले. इंफाळात रतन थियाम यांनी १९७६ मध्ये कोरस रेपर्टरी थिएटर स्थापन केले आणि मणिपुरी परंपरेच्या बळावर ‘ऊरुभंग’ मैतेई भाषेत उभे केले. महाराष्ट्राचे नावही या संदर्भात घेतले पाहिजे. विजया मेहता यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत पूर्व जर्मनीच्या रंगभूमीवर जर्मन नटांकडून विशाखदत्त आणि कालिदास यांची नाटके करून घेतली.

भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटके टी. गणपति शास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमला प्रसिद्ध केली. त्यापूर्वी अनेक शतके ती विद्वानांच्या दृष्टीआड होती. त्यांतील ‘ऊरुभंगा’त मांड्या मोडलेला दुर्योधन धुळीतून सरपटत येतो. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसू पाहतो आणि बापाला त्याला नको म्हणावे लागते. या प्रसंगाला एक मोठा नट आणि एक लहान मूल, याखेरीज काहीच लागत नाही. रणांगणाचा देखावा त्यामागे उभारला तर प्रसंगाची धार वाढत नाही. पण नट कच्चा असेल तर मात्र प्रसंग कोसळतो आणि त्याला सावरायला मंचावर दुसरे काही नसते.

खर्च नेमका कशाचा?

हिशेबाचा खरा रकाना येथे सापडतो. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थव्यवहारावर जो ग्रंथ लिहिला, त्यातील मुद्दा येथे उपयोगी पडतो. कारखान्यात नवे यंत्र आले की एका कामगाराच्या एका तासात अधिक माल निघतो. नाटकात तसे होत नाही. ‘मृच्छकटिका’च्या दहा अंकांना शूद्रकाच्या काळी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागणार. इतर क्षेत्रांत उत्पादकता वाढते, वेतन वाढते. नटालाही त्याच बाजारातून धान्य घ्यायचे असल्याने त्याचे वेतन वाढवावेच लागते. त्यामुळे प्रयोग उत्तरोत्तर महाग होत जातो. यात कोणाची उधळपट्टी नसते. कलेच्या स्वरूपातच हा पेच आहे.

या परिस्थितीत निर्माता सहजच चुकीच्या ठिकाणी कात्री लावतो. देखावा जाहिरातीत दिसतो, म्हणून तो राहतो; तालमीचे दिवस कोणाला दिसत नाहीत, म्हणून ते कमी होतात. आधुनिक संवादनाट्य अशा वागणुकीतूनही कसेबसे तरून जाते, कारण त्यातील दिवाणखाना, चहाचे पेले आणि दूरध्वनी नटाला आधार देतात. अभिजात नाटकात हा आधार नाही. तेथे नेपथ्य जवळजवळ फुकट आहे, पण त्याची भरपाई नटाच्या शिक्षणातून करावी लागते. भांडवल लागतेच; ते लाकडाकापडात न गुंतता माणसात गुंतते, एवढाच फरक.

केरळातील कूडियाट्टम हा याचा सर्वांत बोलका दाखला होय. संस्कृत नाटकाची ही जिवंत परंपरा. मंचावर एक समई, मिळाव नावाचे नगारे आणि दोघांनी हातात धरलेला एक पडदा, एवढीच सामग्री असते. तेवढ्यावर एकेका अंकाचा विस्तार अनेक रात्री चालतो. परंतु त्यासाठी नटाला लहानपणापासून वर्षानुवर्षे डोळे, हात आणि श्वास घडवावे लागतात. २००१ मध्ये युनेस्कोने या कलेचा गौरव केला. तरीही शिक्षणाची ती वर्षे शिष्याच्या पोटाची सोय कोणी लावायची, हा प्रश्न गौरवपत्राने सुटत नसतो.

याच कूडियाट्टमच्या इतिहासात आणखी एक धडा आहे. शतकानुशतके ही कला देवळांच्या आवारातील कूत्तंबलम् नावाच्या नाट्यगृहांत बंदिस्त होती आणि ती करण्याचा अधिकार मोजक्या घराण्यांनाच होता. १९४९ मध्ये पैंकुळम राम चाक्यार यांनी स्वजातीयांचा रोष पत्करून ती देवळाबाहेर आणली. १९६५ पासून केरळ कलामंडलममध्ये तिचे शिक्षण सुरू झाले. अभिजात नाटक म्हणजे वरच्या वर्गाची मिरासदारी, हा आक्षेप म्हणूनच उडवून लावता येत नाही. इतिहासाने त्याला आधार दिला आहे. पण त्यावर उपाय नाटक टाकून देणे हा नाही. दार उघडणे हाच उपाय आहे.

सोवळे आणि मोडतोड

दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. एका बाजूला सोवळेवाले आहेत. त्यांना अक्षरही बदललेले खपत नाही. दुसऱ्या बाजूला जुने नाटक म्हणजे कच्चा माल समजणारे आहेत. त्यांना पात्रांच्या अंगावर आजचे कपडे चढवल्याखेरीज नाटक आजचे होते असे वाटत नाही. वस्तुतः दोघांचाही मूळ नाटकावर विश्वास नसतो. पहिल्यांना ते सुरक्षित ठेवायचे असते, दुसऱ्यांना ते सजवायचे असते.

‘मृच्छकटिका’तील शकार हा राजाचा मेहुणा आहे. नवव्या अंकात तो न्यायालयात येतो आणि आपली फिर्याद आजच ऐकली नाही तर राजाला सांगून न्यायाधीश बदलवीन, अशी धमकी देतो. न्यायाधीश सज्जन आहे, पण तो फिर्याद दाखल करून घेतो. हा प्रसंग आजचा करण्यासाठी शकाराच्या डोक्यावर कोणती टोपी घालण्याची आवश्यकता आहे? प्रेक्षकांतील कोणत्याही कारकुनाला असा एखादा मेहुणा ठाऊक असतोच. त्याच नाटकात मदनिका ही विकत घेतलेली दासी आहे आणि तिला सोडवण्यासाठी शर्विलक घरफोडी करतो. माणूस विकत मिळत असलेल्या त्या जगाकडे दिग्दर्शकाने आजच्या डोळ्यांनी जरूर पाहावे. त्यासाठी संहितेतच पुरेशी जागा आहे.

‘शाकुंतला’ची गोष्टही अशीच आहे. नाट्यपदांच्या गोडव्यातून जी सोशिक, लाजरी शकुंतला मनात ठसली आहे, ती कालिदासाची पूर्ण शकुंतला नव्हे. पाचव्या अंकात भर दरबारात ती राजाला अनार्य म्हणते. सहाव्या अंकाच्या आरंभी अंगठी सापडलेल्या कोळ्याला रक्षक मारहाण करतात, चोर ठरवतात आणि त्याला बक्षीस मिळताच त्यातला वाटा घेऊन त्याच्याबरोबर मद्याच्या दुकानाकडे वळतात. प्रयोग आटोपशीर करण्यासाठी कात्री चालवायची झाली तर अशा प्रवेशांवर ती सहज पडते. मग उरते ते केवळ एका राजाचे प्रेमप्रकरण.

भाषेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. संस्कृत नाटक हे नाव थोडे फसवे आहे, कारण त्यातील सारी पात्रे संस्कृत बोलत नाहीत. स्त्रिया, विदूषक, सेवक, रक्षक हे बहुधा प्राकृत बोलतात आणि ‘मृच्छकटिका’त तर प्राकृताचे अनेक प्रकार ऐकू येतात. स्त्रीपात्रांच्या पद्यांसाठी महाराष्ट्री प्राकृताला मान होता, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. या बहुरंगी बोलण्याचे भाषांतर जेव्हा एकाच प्रमाण मराठीत होते तेव्हा राजा आणि कोळी एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलू लागतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोकणी या बोली आज हयात आहेत. जुगारात हरून पळणारा संवाहक आणि चारुदत्ताला वधस्तंभाकडे नेणारे चांडाळ यांच्या तोंडी त्या घातल्या तर मूळ नाटकाचा तो अवमान होणार नाही. उलट त्याच्या मूळ रचनेशीच इमान राखल्यासारखे होईल.

काय करता येईल?

महाराष्ट्र शासनाच्या नाट्यस्पर्धांत संस्कृत नाटकांची स्पर्धा स्वतंत्रपणे होते, ही चांगली गोष्ट आहे. परंतु स्पर्धा संपली की संच विखुरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ होतो. भांडवल साचत नाही, असेच याचे वर्णन करावे लागेल. सरकारी किंवा खाजगी अनुदान प्रयोगाच्या संख्येवर आणि देखाव्याच्या बिलावर न देता तालमीच्या महिन्यांवर द्यावे. एखाद्या संचाने दोन-तीन वर्षे एकत्र राहून दोन-तीन अभिजात नाटके घोटावीत, एवढी शाश्वती त्यातून मिळाली पाहिजे. इंफाळातील नटांनी एकत्र राहून, शेतीपासून रंगमंचापर्यंतची कामे स्वतः करून हे साधले. प्रत्येकाने तसेच करावे असे नाही. पण सलग काळाला पर्याय नाही, एवढे त्यावरून कळते.

या सर्वांहून जवळचा मार्ग महाविद्यालयांचा आहे. एकांकिका स्पर्धांसाठी नेपथ्याची ने-आण करताना विद्यार्थ्यांची दमछाक होते आणि वर्गणीचा बराच पैसा टेम्पोच्या भाड्यात जातो. ज्या नाटकाला समई आणि मोकळी जागा पुरते, ते तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयालाही परवडते. तेथे पैशाची उणीव असेल, पण विद्यार्थ्यांपाशी वेळ असतो. अभिजात नाटक मागते तेही वेळच. संस्कृत आणि मराठीच्या अध्यापकांनी मनावर घेतले तर शासनाच्या निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ‘मृच्छकटिका’चा चौथा अंक शिकवायचा आहे त्या दिवशी वर्गातील बाके भिंतीला लावावीत, एका विद्यार्थ्याला मैत्रेय करावे आणि त्याला आठ फेऱ्या घालायला सांगावे. पाचव्या चौकात पोचल्यावर वर्गाला स्वयंपाकघर दिसले आणि त्या मुलाची भूकही दिसली, तर तेथूनच आरंभ झाला असे समजावे. दिसली नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या चौकापासून चालावे.